कासवाच्या पाठीवर शेवाळ परत परत येतंय? आधी कवच सुकतंय का ते बघा

पाऊस लागला की ओळखीतल्या कासववाल्यांचे तेच तेच फोटो यायला लागतात. काचेच्या टाकीत नाहीतर प्लास्टिकच्या टबात बसलेलं कासव, पाठीवर हिरवी लव, आणि खाली लिहिलेलं, "मागच्या रविवारीच घासलं होतं ओ, परत आलं." मग कोणीतरी सांगतं ब्रश बदला, कोणी सांगतं खोबरेल लावा, कोणी म्हणतं पाणी रोज बदला, आणि सगळं करून झालं तरी पंधरवड्यात पाठ परत हिरवी. घासल्याने जातं ते वरचं पीक, ते ज्या कारणाने उगवतंय ते टाकीत तसंच राहतं, आणि आपल्या कोकण किनारपट्टीवर ते कारण बहुतेक वेळा एकच असतं, कासवाची पाठ दिवसातून एकदाही नीट कोरडी होत नाही.

हे सगळं रेड-इअर्ड स्लायडरबद्दल आहे बरं का, डोळ्यामागे लाल पट्टा असतो ते. दुकानातून घरी आलेलं कासव बहुतेक तेच असतं. शेतात-वहाळात सापडलेल्या देशी कासवाची गोष्ट वेगळी, त्याबद्दल खाली लिहिलंय, ते वगळू नका.

पहिली गोष्ट, घाबरू नका. पातळ हिरवा थर म्हणजे आजार नाही. रानातल्या गोड्या पाण्यातल्या कासवांच्या पाठीवर शेवाळ असतंच, उलट त्यांना लपायला बरं पडतं. बासिक्लाडिया नावाचं एक तंतुमय शेवाळ तर मुख्यतः कासवांच्या कवचावरच वाढतं आणि त्याचा बुडखा कवचाला एवढा घट्ट धरतो की वरचे तंतू घासून काढले तरी खालचा भाग जिवंत राहतो. पावसाळ्यात अंगणातलं गवत वरून कापल्यासारखंच ते, मूळ ओलं आहे तोवर परत येणार. तुमच्या कासवावर हेच शेवाळ असेल असं नाही, टाकीत अनेक जातींचं असतं, पण परत येण्याची तऱ्हा साधारण अशीच.

काळजी कधी करायची, तर थर जाड झाला आणि खालचं कवच दिसेनासं झालं की. कारण मग खाली काय चाललंय ते कळत नाही. स्लायडरची पाठ म्हणजे हाडावर केराटिनच्या चौकटी बसवलेल्या असतात, त्यांना स्क्यूट म्हणतात, आणि वाढताना जुन्या स्क्यूटचा पातळ पारदर्शक पापुद्रा सुटून पडतो. हा पापुद्रा अर्धवट सुटला आणि त्याच्या खाली ओल आणि शेवाळ शिरलं की तिथे बॅक्टेरियाला आयती जागा मिळते, कवच सडणं तिथून सुरू होऊ शकतं.

खरंच शेवाळच आहे का?

हे ओल्या पाठीवर बघून कळत नाही, आणि लोक नेमके ओल्या पाठीचेच फोटो पाठवतात. कासव बाहेर काढा, जुन्या सुती कपड्याने हलकं टिपा आणि कोरड्या टबात तास-दीड तास ठेवा. मग उजेडात बघा. शेवाळ असेल तर ते सुकून मळकट हिरवं होतं आणि मऊ ब्रशने सुटतं. पांढरे खडूसारखे डाग सुकल्यावरच उठून दिसले आणि ओले झाल्यावर परत गायब झाले तर ते पाण्यातले क्षार. पापुद्रा सुटत असेल तर कडेला चंदेरी चमक दिसते, आत हवा गेल्यासारखी, आणि तो ओढायचा नाही, हात शिवशिवले तरी नाही. तपकिरी धूळ बसल्यासारखा थर नव्या टाकीत येतो, ते डायटम, बरेचदा टाकी जुनी झाली की आपोआप कमी होतात. निळसर हिरवं, बुळबुळीत, पापुद्र्यासारखं एकदम निघणारं आणि घाणेरडा वास मारणारं असेल तर ते सायनोबॅक्टेरिया, त्यातल्या काही जाती विषारी असतात, तिथे पाणी आणि टाकी दोन्ही लगेच साफ करायची.

आणि सुकवल्यावरही एखादी जागा ओलसरच राहिली, बोटाने दाबली तर मऊ लागली, खड्डा दिसला, वास आला, पोटाकडच्या कवचावर गुलाबी-लाल छटा दिसली, तर हे शेवाळ नाही. पुढचं वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

कोकणात जास्त का

आमच्या मामेबहिणीचं उदाहरण सांगतो, ती गुहागरला असते, कासव पडवीत मोठ्या टबात. पाणी दर दोन दिवसांनी बदलते, बिचारी एवढी स्वच्छ की विचारू नका, तरी पाठ हिरवी ती हिरवीच. फोनवर म्हणाली, "दादा, आता काय पाणी पण उकळून घालू का रे?" म्हटलं आधी व्हिडिओ कॉल कर आणि कासव वर येऊन बसतं ती जागा दाखव. तर तिने टबात दोन चिरे ठेवले होते, जांभ्याचे, एकावर एक. दिसायला छान, आणि घराशेजारी पडलेलेच असतात. पण जांभा दगड सच्छिद्र, खालून पाणी शोषत राहतो, वरचा चिरा पाण्याच्या वर असला तरी कायम ओलाच. त्यावर स्वतःचं शेवाळ. कासव तासभर वर बसलं तरी पोट ओलं आणि पाठ दमट. वर बल्ब होता, पण एलईडी. एलईडीचा उजेड पडतो, ऊब जवळपास काहीच नाही. म्हणजे कासवाला बसायला जागा आहे, उजेड आहे, शेवाळालाही दोन्ही आहे, फक्त कोरडेपणा कुठेच नाही.

चिरे काढले, त्याजागी पाण्याच्या बरंच वर राहील अशी लाकडी फळी बसवली, चढायला उतार केला, वर हॅलोजनचा स्पॉट बल्ब लावला. पाणी बदलणं उलट कमी केलं. शेवाळ एकदम गेलं नाही, पण वाढायचं थांबलं, आणि पुढे पापुद्रे सुटायला लागले तसं जुनं त्यांच्याबरोबर निघून गेलं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा एवढी दमट असते की दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस सुकत नाहीत. आठवडाच्या आठवडा ऊन नाही. पुण्यात किंवा देशावर कासव नुसतं दगडावर चढून बसलं तरी पाठ सुकते, म्हणून तिकडच्या लोकांचे सल्ले इकडे अर्धेच लागू पडतात. इकडे बसायची जागा मुद्दाम गरम आणि कोरडी करावी लागते.

बसायची जागा

जागा पूर्ण पाण्याबाहेर हवी, कासवाचं सगळं अंग मावेल एवढी, आणि खालून ओल न चढणारी. फळी चालते, टाईल चालते, पीव्हीसी पाईप अर्धा कापून उलटा घातला तरी चालतो, खरखरीत दगड नको कारण पोटाकडचं कवच घासतं. त्या जागेवर तापमान साधारण ३० ते ३४ अंश हवं, पाणी २४ ते २७. साधा थर्मामीटर ठेवा, हाताने अंदाज घेऊ नका. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब मिळाला तर उत्तम, पण आता दुकानात सगळीकडे एलईडीच दिसतात, म्हणून हॅलोजन. बल्ब किती उंचीवर ते थर्मामीटर सांगेल. पाण्याजवळ वायर आहे, तेव्हा होल्डर पक्का बांधा, वायरला खाली लोंबता वळसा द्या म्हणजे पाण्याचे थेंब प्लगकडे जाणार नाहीत, आणि घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून ते काम आधी करून घ्या.

यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा, बल्ब वेगळा. तो कवच सुकवत नाही, पण कासवाला कॅल्शियम वापरायला लागणारं व्हिटॅमिन डी-३ त्यानेच तयार होतं आणि कवच टणक राहतं. दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. एक, काचेतून यूव्हीबी येत नाही, खिडकी बंद ठेवून ऊन दाखवलं तर ते फक्त शेवाळाच्या कामाचं. दुसरं, बल्ब पेटलेला दिसतो तरी त्यातलं यूव्हीबी कमी होत जातं, कंपनी सांगेल त्याप्रमाणे सहा ते बारा महिन्यांनी बदलावाच लागतो.

पावसात मध्येच ऊन पडलं तर कासव बाहेर काढायला हरकत नाही, पण काचेच्या टाकीसकट नाही, काच तापली की आतलं पाणी बघता बघता गरम होतं. उथळ टबात, अर्धी सावली ठेवून, आणि तुम्ही शेजारी बसून. कावळे, मुंगूस, मांजर, घार, आपल्या आवारात सगळे हजर असतात.

उजेड आणि पाणी

उन्हाळ्यातली तक्रार वेगळी असते, तेव्हा पाठ सुकते पण पाणीच हिरवंगार होतं. मार्च ते मेमध्ये पश्चिमेकडून येणारं ऊन थेट टाकीवर पडत असेल तर जागा बदला, आणि हौद बाहेर असेल तर त्याच्या अर्ध्या भागावर झाप, म्हणजे विणलेली माडाची झावळी, टाका. विकतची हिरवी जाळी चालते, पण झाप घरचं आहे आणि खाली गारवा राहतो. शोभेचा टाकीतला दिवा रात्री अकरापर्यंत चालू ठेवणारे पुष्कळ आहेत, तो सहा-सात तासांवर आणा. बसायच्या जागेवरचे बल्ब मात्र दहा-बारा तास, त्याला टायमर लावला की विसरायला होत नाही.

हिरव्या पाण्यासाठी यूव्ही क्लॅरिफायर विकतात, तो पाण्यात तरंगणारं शेवाळ मारतो. कवचाला चिकटलेल्याला त्याचा काही उपयोग नाही, तेव्हा पाठीसाठी म्हणून तो घेऊ नका.

फिल्टर टाकीच्या क्षमतेपेक्षा दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी असलेला घ्या, कासव माशापेक्षा खूप जास्त घाण करतं. टाकी पण मोठी लागते, कवचाच्या दर इंचाला चाळीसेक लिटर धरतात. आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदला, सगळं एकदम नको. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा, नाहीतर त्यातले उपयोगी बॅक्टेरिया क्लोरीनने मरतात आणि अमोनिया वाढतो. नायट्रेट ४० पीपीएमच्या वर सारखं जात असेल तर शेवाळाला रोज खत घालताय असं समजा.

विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांनी एकदा विहिरीचंच नायट्रेट तपासा. क्लोरीन नाही म्हणून विहिरीचं पाणी चांगलं, हे खरंय, पण पावसात गोठ्याचं, भाताला टाकलेल्या युरियाचं, कुजलेल्या पानांचं पाणी झिरपत विहिरीत येतं, मग तुम्ही कितीही वेळा पाणी बदला, नवीन पाणीच खतासकट येणार. अशा वेळी चार महिने पागोळ्यांचं पाणी घ्या की, पहिले काही पाऊस पत्रे धुवून जाऊ देत आणि मग पिंप भरा. पण ते पाणी फार मऊ असतं, म्हणजे त्यात क्षार कमी, म्हणून निम्मं विहिरीचं निम्मं पावसाचं. मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा पांढरे डाग वाढतात, ते क्षार, शेवाळ नव्हे.

लाईट जाण्याबद्दल काय बोलायचं. वादळी पावसात रात्रभर गेली तर कॅनिस्टर (टाकीबाहेरच्या बंद डब्यातल्या) फिल्टरमधल्या बॅक्टेरियाचा ऑक्सिजन संपतो आणि आतलं पाणी सडतं. लाईट आल्यावर तसाच चालू केला तर ती सगळी घाण टाकीत. आधी फिल्टरमधलं पाणी ओतून द्या, मग सुरू करा. इन्व्हर्टर असेल तर एक छोटा फिल्टर त्यावर टाका, फार वीज खात नाही.

टाकीतलं काढलेलं पाणी माडाच्या आळ्यात ओता, माड खूश. वहाळात नको.

खाणं

शेवाळाचं अर्धं खाद्य आपणच टाकतो. मोठ्या स्लायडरला पेलेट्स (विकतच्या खाद्याच्या गोळ्या) एक दिवसाआड, सगळ्या मिळून त्याच्या डोक्याएवढ्या मापाच्या, एवढंच पुरतं. बाकी हिरवं. आपल्याकडे बांगड्याचे तुकडे, सुका जवळा सर्रास टाकतात आणि कासव तुटून पडतं, म्हणून लोकांना वाटतं त्याला तेच हवंय. बांगडा तेलकट, पाण्यावर तवंग येतो, उरलेले तुकडे खाली कुजतात. कधीतरी द्या, पण वेगळ्या टबात, वीस-पंचवीस मिनिटं, आणि मग परत टाकीत. खारवलेली मासळी अजिबात नाही. ॲझोला, ती पाण्यावर तरंगणारी वनस्पती, मिळाला, गुरांसाठी बरेच जण लावतात, तर थोडा टाकीत सोडा, कासव त्याला खातं.

गणपतीत घर भरतं, मुंबईहून आलेली पोरं दिवसभर कासवाला काहीबाही टाकत असतात, मोदकाची पारी टाकलेली पण मी पाहिलीय. विसर्जनानंतर पुढे ऑक्टोबरचं कडक ऊन येतं आणि टाकी हिरवी होते. गणपतीच्या दिवसांत टाकीवर झाकण आणि पेलेट्सचा डबा कपाटात.

आता ब्रश

एवढं सगळं केल्यावर ब्रश, आणि तो महिन्यातून एखाद वेळ. लहान मुलांचा मऊ टूथब्रश, कोमट पाणी, साबण नाही. कासवाला दोन्ही बाजूंनी मागच्या भागाला धरा, नखं लागतात. गोल गोल हलक्या हाताने, खाचांमध्ये जरा जास्त वेळ, पोटाकडची बाजू पण. कवचात नसा असतात, त्याला लागतं, ते नखासारखं निर्जीव नाही. दोन-तीन मिनिटांत जेवढं निघेल तेवढं, राहिलेलं राहू दे. धुवून टिपून तासभर कोरड्यात, उबेत ठेवा, मग टाकीत. हे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका. कासवावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा बॅक्टेरिया असू शकतो, अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती याचमुळे, पोरं तोंडात घालायची. हात साबणाने धुवा, ब्रश वेगळा ठेवा.

काय करू नये ते भराभर सांगतो. नारळाच्या सोडणाने घासू नका. चिंच-मीठ, लिंबू, कोकमाचं आगळ हे पितळेच्या भांड्यांना ठीक. डेटॉल, फिनेल नाही. चाकू, नखं, स्टीलची घासणी नाही. खोबरेल नाही, चमक येते हे खरं, पण तेलाखाली ओल अडकते, वर धूळ बसते आणि तेल पाण्यात उतरतं. शेवाळ मारायचं औषध टाकीत नाही, त्यात बरेचदा तांबं असतं. शेवाळ खाणारे मासे आणून सोडले तर शेवाळाच्या आधी मासे संपतील.

वेळासला, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं बघून आलेले हमखास विचारतात की समुद्राच्या पाण्यात बुडवलं तर जाईल का. समुद्री कासवांच्या पाठीवरही शेवाळ असतंच, वर बार्नॅकल, ते शिंपल्यासारखे चिकटणारे जीव, पण. स्लायडर गोड्या पाण्याचं आहे, समुद्राचं पाणी त्याला सोसत नाही.

डॉक्टर आणि देशी कासवं

आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या येतात, कासवाची माहिती असलेले डॉक्टर बहुतेकदा कोल्हापूर, पुणे, मुंबईला. तेव्हा आधी फोटो पाठवायची वेळ येते. कवच सुकवून, दिवसाच्या उजेडात, वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी काढा, शेजारी पट्टी ठेवा. पाण्याचं आणि बसायच्या जागेचं तापमान, यूव्हीबी बल्ब किती जुना, काय खातं, हे लिहून पाठवा, डॉक्टर नाहीतरी हेच विचारणार. पोहताना एका बाजूला कलतंय, नाकातून फुगे येतायत, खाणं सोडलंय, असं असेल तर फोटोवर भागवू नका, घेऊन जा.

पावसात शेताच्या बांधावर सापडणारं, मऊ चामड्यासारख्या पाठीचं, मागचे पाय आत घेतले की झडप बंद होते ते इंडियन फ्लॅपशेल. त्याच्या पाठीला स्क्यूट नसतात, ब्रशने सरळ जखम होते. आणि तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, घरी ठेवणं गुन्हा. बांधावर दिसला तर तिथेच राहू द्या, कोणी आधीच घरी आणला असेल तर वन विभागाच्या १९२६ नंबरवर कळवा. उलट, स्लायडरचा कंटाळा आला म्हणून देवळाच्या तळीत किंवा नदीत सोडू नका, जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आपल्या फ्लॅपशेलचीच जागा आणि खाणं तो घेतो. तो वीस-तीस वर्षं जगतो, घेतानाच हे धरून चालायला हवं.

यंदाचा पाऊस अजून लागायचा असेल तर मे संपायच्या आत एवढं उरका, बसायच्या जागेची ओल बघा, हॅलोजन एक जादा आणून ठेवा कारण जुलैत बाजारात जायला होत नाही, फिल्टरचा स्पंज पिळून घ्या, आणि यूव्हीबी बल्ब नवीन लावलात तर त्या दिवसाची तारीख मार्करने होल्डरवरच लिहा.